विहिरीतलं हिरवं

नाशिकला जाऊन आले म्हटलं की लोक आधी रामकुंडाचं विचारतात, मग त्र्यंबकेश्वराचं, आणि हल्ली द्राक्षांचंही. मी यातलं काहीच धड पाहिलं नाही. मी एक विहीर पाहून आले, तीही कोरडी. विहीर बघायला राजापूरची बाई नाशिकला गेली हे ऐकून आमच्या शिक्षकखोलीत जे हसू झालं, ते मी मुकाट्याने सोसलं. आमच्याकडे विहिरींची वाण नाही. परसात चार हात खणलं तर पाणी लागतं आणि काठाच्या प्रत्येक दगडावर शेवाळ असतं. लहानपणी त्या शेवाळावरून घसरून मी दात पाडून घेतला होता. ते शेवाळ दगडाच्या आत असलं तर त्यासाठी माणसं जीव टाकतात, हे मला सिन्नरला गेल्यावर कळलं. कळलं म्हणते खरी, पण नीट कळलं का, याची आजही खात्री नाही.

गोष्ट दोन हजार तीन सालच्या मे महिन्यातली. माझी धाकटी नणंद सुमेधा पुण्याला भूशास्त्र शिकवते. तिच्याबरोबर जाणारी विद्यार्थिनी ऐनवेळी आजारी पडली आणि आमच्या ह्यांनी मला न विचारताच बहिणीला सांगून टाकलं, "तुझ्या वहिनीला सुट्टीच आहे. शिवाय ती मराठी शिकवते, तुझं ते शास्त्र गावकऱ्यांना समजावून सांगेल." शास्त्र आधी मला समजायला हवं, हा विचार भाऊबहिणीपैकी एकाच्याही मनात आला नाही.

नाशिक, लॉजमधला ग्लास

बसस्टँडजवळच्या लॉजवर उतरलो. हातपाय धुऊन चहा मागवला, तेवढ्यात सुमेधाने पिशवीतून एक दगड काढून माझ्या हातावर ठेवला. पांढुरकी गारगोटी, आरपार उजेड दिसेल अशी, आणि आत हिरव्या बारीक तारा. एकीतून दुसरी फुटलेली, अगदी पाण्यात डोलणारं शेवाळ. मी म्हटलं, "शेवाळ आहे."

"तेच शोधायचं आहे," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं ते असं. हा सगळा मुलूख लाव्ह्याचा. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात आणि दगडात पोकळ्या राहतात. पुढे युगानुयुगं पाणी झिरपतं, पाण्यात विरघळलेलं काय काय त्या पोकळ्यांत साचतं आणि त्याच्या गारगोट्या होतात. साचताना आत कुणी डोळ्यांना न दिसणारे जीव राहत असतील तर तेही गारगोटीत बंद होतात. देह उरत नाही, देहाच्या जागी खनिज बसतं. पण त्यांच्या खाण्याची खूण मागे राहते. कार्बन हलका असतो तसा थोडा जडही असतो, आणि जीव म्हणून जे आहे ते हलका आधी उचलतं. पंक्तीत पापड आधी संपतात, तसं मी मनाशी लावून घेतलं.

"आणि हे कळून काय करायचं?"

"मंगळही असल्याच काळ्या दगडाचा आहे. तिथे कधी जीव होता का, हे असल्याच खनिजांत शोधावं लागणार. पण सिन्नरच्या दगडातलं आपल्याला ओळखता येत नसेल, तर मंगळावरचं काय ओळखणार?"

इथपर्यंत मला सगळं कळलं आणि मी खूश होते. मग तिने काचेच्या ग्लासात एक दाटसर पाणी ओतलं आणि त्यात हिराकसाचे खडे टाकले. आमचा चहा संपेपर्यंत त्या खड्यांतून हिरवे कोंब वर आले, त्यांना फांद्या फुटल्या आणि ग्लासात एक लहानसं रान उभं राहिलं. मी डोळे फाडून बघत होते.

"यात जीव नाही," सुमेधा म्हणाली. "नुसतं रसायन आहे."

"मग दगडातलं?"

"तेही नुसतं रसायन असेल. किंवा नसेल. दहा वर्षं मी म्हणतेय की तो जीव आहे, आणि दहा वर्षं लोक मला असले ग्लास दाखवताहेत." हे बोलताना ती हसली, पण ते हसणं मला आवडलं नाही. तिला जाग्यावरचा दगड हवा होता, उचलून आणलेला नव्हे, खडकाच्या पोटातला, कुणाचा हात न लागलेला. सिन्नरपलीकडे एका गावात विहिरीचं काम चालू होतं आणि तिथे अशा हिरव्या गारगोट्यांचा पट्टाच लागल्याचं तिला कळलं होतं. तो मिळाला नाही तर हा विषय सोडून देईन, असं ती ग्लास बेसिनमध्ये ओतताना म्हणाली. सहज म्हणावं तसं म्हणाली, म्हणून मी जास्तच घाबरले.

सिन्नरच्या पूर्वेला

सिन्नरपर्यंत एसटी, पुढे जीप. जीपमध्ये किती माणसं मावतात याला तिकडे मर्यादा नाही, ड्रायव्हरही अर्धा बाहेरच बसतो. कारखान्यांची पत्र्याची छपरं मागे पडली आणि मग जे उघडं माळरान सुरू झालं ते संपेचना. कोकणातल्या माणसाला इतकं आभाळ एकदम बघायची सवय नसते. मला उगीच डोक्यावरून पदर घ्यावासा वाटला.

गावात विहिरीचे मालक म्हणजे आबा, सत्तरीचे, अंगाने काटक. घरी त्यांची सून मंदा. मुलगा सिन्नरच्या कारखान्यात पाळीवर गेलेला. मंदाने पाण्याचे तांबे पुढे केले. मी तोंड धुवायला तांबा उचलला तशी ती हळूच म्हणाली, "बाई, ते प्यायचं हाय." टँकर दोन दिवसांनी येई, आणि न आला तर ती वेशीबाहेरच्या हापशावर जाई. मी तोंड तसंच पुसलं. आमच्याकडे पाव्हण्याला पाय धुवायला घंगाळभर पाणी देतात, हे मी त्या घरात कुणाला सांगितलं नाही.

विहीर घरामागे. काठावर यारी उभी होती, म्हणजे दगडांची पाटी वर ओढणारं लाकडी-लोखंडी यंत्र. यारीवाला विडी ओढत बसला होता. जवळच कडुनिंबाखाली शेंदूर फासलेला दगड होता, त्याला हळदकुंकू, हिरव्या बांगड्या आणि खणाचा तुकडा. सुमेधा तिकडे गेली आणि मटकन खालीच बसली.

शेंदराच्या फटीतून हिरव्या तारा दिसत होत्या. पट्ट्यातली सगळ्यांत मोठी गारगोटी निघाली ती आबांनी साती आसरा म्हणून बसवली होती. पाण्याच्या देवी त्या, विहिरीला त्यांच्याशिवाय पाणी राहत नाही. मंदा कौतुकाने म्हणाली, "रोज तेलपाणी करते मी. आधी साबन लावून घासली, मंग बसवली."

"साबण," सुमेधा पुटपुटली. "आणि तेल." तिच्या शास्त्राला चालणार नाही असं जे जे काही जगात आहे ते ते त्या दगडाला लावून झालं होतं. सगळा कार्बनच तो. मला हसू येत होतं आणि तिच्याकडे बघून रडूही येत होतं.

"खाली अजून हाय की," आबा म्हणाले. "जागच्या जागी हाय. त्याच्यामुळं तर खणतोय आम्ही. हिरवं लागलं म्हंजी पाणी जवळ."

मग माझी नणंद यारीच्या पाटीत बसून विहिरीत उतरली. मी काठावर पालथी पडून "जपून, जपून" करत राहिले, त्याचा काही उपयोग नव्हता. खालून छिन्नीचा आवाज येत होता. वर आली तेव्हा ती धुळीने पांढरी झालेली, आणि हातात चांदीच्या कागदात गुंडाळलेलं पुडकं. तान्ह्या मुलासारखं तिने ते छातीशी धरलं होतं.

आबा पुढे झाले. हात जोडलेले. "मॅडम, ते हिरवं जित्तं हाय का?"

सुमेधाने माझ्याकडे पाहिलं. तिचं सगळं शिक्षण इंग्रजीत, असल्या वेळी तिला मराठी सुचत नाही. ती भराभर काहीतरी बोलली आणि मी माझ्या शुद्ध, वर्गातल्या मराठीत सांगितलं, "त्या म्हणतात, कधीकाळी जिवंत असावं. फार फार पूर्वी. आता नाही. पण तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही."

"बरं," आबा म्हणाले आणि वळले.

मंदाने जेवायला वाढलं. हुलग्याचे शेंगोळे, हातावर वळलेले, झणझणीत रश्श्यात शिजवलेले, आणि बाजरीची भाकरी. भाताचं एक शीत नाही. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तिसऱ्या घासाला मी आणखी मागून घेतले. आमच्या कुळथाला हे लोक हुलगे म्हणतात. त्याचं आम्ही पिठलं करतो, पण हे वळून खायचं आम्हांला कधी सुचलं नाही. आबा मात्र जेवायला बसले नाहीत. मंदाही वाढून लगेच आत गेली. मला वाटलं, उन्हाने दमली असतील माणसं. निघताना आबा यारीवाल्याला सांगताना ऐकलं, "सोडा आता, न्या." ते काय न्यायचं ते मी विचारलं नाही.

जीपमध्ये

परतीच्या जीपमध्ये शेजारी एक जाडजूड काकू होत्या, मांडीवर कोंबडी. आम्ही कुणाकडे गेलो होतो ते त्यांनी दोन प्रश्नांत काढून घेतलं. "आबाच्या इहिरीवर? हाय का झरा जिता? का मेला?"

"काय?" मी म्हटलं.

"झरा वो. जिता झरा असला तर इहीर. मेला असला तर खड्डा."

मी वर्षानुवर्षं पोरांच्या निबंधांत 'प्रेरणेचा जिवंत झरा' वाचत आले. दर वर्षी त्याखाली लाल रेघ मारून 'घासलेला शब्दप्रयोग' असा शेरा देते. खरा झरा खरोखरच जिवंत की मेलेला असतो, आणि ते विचारावं लागतं, हे कोकणातल्या बाईला सुचलंच नाही. आमच्याकडे झरा मरत नाही, मग विचारायचं कशाला? आबांनी झऱ्याबद्दल विचारलं होतं. आणि मी मास्तरणीच्या थाटात सांगून आले होते, की फार पूर्वी जिवंत होता, आता नाही.

मी सुमेधाला हे सांगितलं. तिने पुडकं आणखी घट्ट धरलं. "वहिनी, पाणी हा माझा विषय नाही. आणि हे लवकर थंड जागी ठेवायला हवं."

"त्यांनी यारी न्यायला सांगितलीय."

"मग आपण काय सांगणार? पाणी आहे म्हणून? मला ते माहीत नाही."

"नाही हेही तुला माहीत नाही ना?"

तिने पुडक्यावर पदर ओढला. माझा पारा चढला. दहा वर्षं ही बाई एका शब्दावर भांडतेय, जीव आहे की नाही, आणि त्याच शब्दावरून एका घराची विहीर बंद पडतेय तर हिला थंड जागा हवी. मी हे बोलून दाखवलं. सगळ्या जीपसमोर, कोंबडीसकट. ड्रायव्हरने न सांगताच गाडी बाजूला घेतली, आम्ही दोघी उतरलो. पुष्कळ वेळाने उलटा जाणारा एक ट्रॅक्टर मिळाला. त्याच्या ट्रॉलीत सुमेधाने पुडकं स्वतःच्या सावलीत धरलं आणि गावापर्यंत ती रस्त्याकडे बघत राहिली.

परत यारीपाशी

यारीचा एक पाय सोडवून झाला होता. आबा कडुनिंबाखाली आसरेकडे पाठ करून बसले होते. मंदा दारात हंडा घेऊन उभी, हापशावर निघालेली. मला बघून तिने तोंड फिरवलं.

मी सगळं नव्याने सांगायला बसले. की आम्ही झऱ्याबद्दल बोललो नाही. त्या हिरव्या तारांमध्ये बारीक जीव होते का, एवढंच ताई शोधतात. ते जीव मेले तरी त्यावरून पाण्याचं काही ठरत नाही.

आबांनी ऐकून घेतलं. "मंजी पाणी हाय म्हन्ता?"

"तसंही म्हणत नाही."

"मंजी नाय म्हन्ता?"

"नाही. तसंही नाही."

"मंग तुमी आल्या कशाला?"

तेव्हा पहिल्यांदाच सुमेधा पुढे झाली आणि अडखळत मराठीत बोलू लागली. ती म्हणाली, "आबा, मी मंगळ ग्रहावर जीव शोधते. तिथला दगड असाच आहे."

"तिथं इहीर खणायची हाय व्हय?"

"नाही. म्हणजे, हो. एका अर्थी."

"मंगळ म्हंजी पत्रिकेतला?" मंदा दारातून म्हणाली.

"तोच," मी म्हटलं.

"माझ्या नणंदंला हाय. लय वांधं झालं लग्नाला." तिने माझ्या नणंदेकडे जरा सहानुभूतीने पाहिलं.

सुमेधा सांगत राहिली. पांढरी गारगोटी पाण्यानेच साचते, म्हणजे त्या पट्ट्यात कधीतरी पाणी फिरत होतं हे पक्कं. आज फिरतं का, ते दगड सांगत नाही. आणि हिरवं जीवामुळे आलं की नुसतं साचलं, हे तिला दहा वर्षांत ठरवता आलेलं नाही. "मला माहीत नाही, आबा," ती म्हणाली. ती हे आबांना सांगत होती की स्वतःला, ते मला कळलं नाही. "खरंच माहीत नाही."

मंदाने हंडा खाली ठेवला. सासऱ्यासमोर ती एरवी मान वर करत नसे. पदर सारखा करून ती यारीवाल्याशी बोलल्यासारखं म्हणाली, "पाणी नाय असं कुणी म्हनलं का? नाय म्हनलं. मंग तो पाय परत बसवा."

यारीवाल्याने आबांकडे पाहिलं. आबांनी आसरेकडे पाहिलं. मग ते उठले आणि स्वतःच यारीच्या पायाला हात घातला.

परतताना मी सुमेधाला विचारलं, "आपण त्यांना आशा लावली की फसवलं?" ती म्हणाली, "मला विचारू नकोस, वहिनी." रात्रीच्या गाडीने आम्ही पुण्याला गेलो. पुडकं तिच्या मांडीवर होतं आणि माझं डोकं पार गरगरत होतं.

पुन्हा, फेब्रुवारीत

त्या पुडक्यातल्या दगडाचा निकाल दिवाळीच्या सुमारास लागला. कार्बन हलका निघाला. सुमेधाने फोनवर मला ते सांगितलं तेव्हा ती आधी हसली, मग रडली. महिन्याभरात दुसरा फोन. जाणकारांचं म्हणणं, त्या तुकड्याला केसाएवढी भेग आहे, वरून झिरपलेली घाण आत गेली असेल. त्याच पट्ट्यातला, भेग नसलेला, अजून आतला तुकडा दाखवा, मग बोलू. तेवढ्यात जानेवारीत मंगळावर दोन गाड्या उतरल्या. वर्तमानपत्रांत तिथल्या दगडांचे फोटो यायला लागले आणि सुमेधा घायकुतीला आली. मी शाळेत रजा टाकली. या वेळी मला कुणी सांगावं लागलं नाही.

जीप तीच, माळरान तेच. पाऊस बेताचाच झाला होता. घरामागे यारी नव्हती. विहिरीला दगडी काठ बांधलेला होता आणि कडुनिंबाखालच्या आसरेला नवा खण. आम्ही दोघींनी वाकून पाहिलं.

खाली पाणी होतं. काळं, स्वच्छ, आभाळ दिसणारं. हिरवा पट्टा जवळजवळ सगळा पाण्याखाली गेला होता, आणि त्याची वरची कड तेवढी पाण्याबाहेर डोकावत होती. तिच्यावर, गारगोट्यांवर, भेगांमध्ये, सगळीकडे ओलं, खरं, कोवळं शेवाळ वाढलं होतं. आतलं हिरवं कुठलं आणि वरचं हिरवं कुठलं, ते मला ओळखू येत नव्हतं. सुमेधालाही येत नसावं. आता त्या दगडातून कुठलाही कार्बन निघाला तरी तो कुणाचा, हे सांगायची सोय उरली नव्हती. तिची छिन्नी पिशवीत होती, चांदीचा कागद हातात होता, आणि ती काठावर हात टेकून नुसती बघत होती.

मंदा पोहरा सोडून पाणी काढत होती. आखाडात लागलं म्हणाली, शेवटच्या सुरुंगाला, त्या पट्ट्याच्या जरा खाली. तिने आधी आमच्या पायांवर पाणी ओतलं. भरभरून, दोन्ही पायांवर, आमच्याकडे ओततात तसं. मग तांबा सुमेधाच्या हातात दिला.

"मॅडम, त्या वक्ताला तुमाला सांगता येत न्हवतं," ती म्हणाली आणि हनुवटीने खाली दाखवलं. "आता सांगा. ते हिरवं जित्तं हाय का नाय?"

मी सुमेधाकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. इतक्या वर्षांत या प्रश्नाला तिने कधी पण-परंतु लावल्याशिवाय उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. तिने तांबा तोंडाला लावला, पाणी प्याली, पदराने ओठ पुसले.

"हो," ती म्हणाली. "जिवंत आहे."